फाइंड केस लॉ: फॅमिली कोर्टात नेमकं काय ठरलं ते स्वतः वाचायचं असेल तर

गेलं वर्षभर ही वेबसाइट जवळजवळ दर आठवड्याला उघडतेय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहू, कारण यूकेतल्या आपल्या मराठी लोकांपैकी फार कमी जणांना ती माहितीये. नॅशनल आर्काइव्ह्जने, म्हणजे इथल्या सरकारी अभिलेखागाराने, एप्रिल २०२२ मधे सुरू केली. इंग्लंड आणि वेल्सच्या कोर्टांची जजमेंट्स इथे फुकट वाचता येतात, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, आणि कोर्टाच्या यादीत फॅमिली कोर्ट वेगळं निवडता येतं.

मी वकील नाही. लीड्सला राहते, इथल्या मंडळात थोडंफार काम करते. मागच्या गणपतीत एक नवीन आलेली मुलगी, कडेवर आठ महिन्यांचं बाळ, मला बाजूला घेऊन विचारायला लागली, "ताई, खरंच इथे इंग्लिश येत नाही म्हणून मुलं काढून घेतात का हो?" तिला गावाकडून कोणीतरी फॉरवर्ड पाठवला होता, त्यात ना कोर्टाचं नाव ना तारीख, फक्त रडणाऱ्या बाळाचा फोटो आणि खाली एका न्यूज पोर्टलचा लोगो. ती पोरगी दोन महिने बाळाला तपासणीला न्यायलाही घाबरत होती. हे ऐकून मला इतका राग आला ना, की त्या रात्री बसून मी शोधायलाच लागले.

तर कायदा असाय की १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टच्या कलम ३१ प्रमाणे मुलाला गंभीर इजा होतेय किंवा होण्याची शक्यता आहे, आणि ती त्याला मिळणाऱ्या सांभाळामुळे, हे दाखवावं लागतं, तरच केअर ऑर्डरचा, म्हणजे मूल काउन्सिलच्या सांभाळात देण्याच्या आदेशाचा विचार. हे नुसतं सांगून तिची भीती गेली नसती. पण या साइटवर मी तिला तीन-चार जजमेंट्स उघडून दाखवली, जज एकेक पुरावा घेऊन, सोशल वर्कर काय म्हणाली, आई काय म्हणाली, कोणाचं पटलं आणि का, असं चाळीस-पन्नास पॅरेग्राफ लिहितात. ते वाचताना कळतं की हे किती जड काम आहे. मुलांची, घरच्यांची नावं कुठेच नाहीत, आद्याक्षरं असतात, आणि सगळ्यात वर सूचना की मुलांची आणि घरच्यांची ओळख उघड केलीत तर कोर्टाचा अवमान होईल. मला ही सूचना फार महत्त्वाची वाटते. पारदर्शकता पाहिजेच पण त्या लेकराने मोठं झाल्यावर शाळेतल्या मित्राने त्याची केस गुगलवर वाचलेली नको.

पेपरवर विश्वास ठेवायचा तरी किती, याचं उदाहरण इथे राहणाऱ्या जुन्या लोकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१७, लंडनच्या 'द टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी, की पूर्व लंडनमधे टॉवर हॅम्लेट्स काउन्सिलने पाच वर्षांच्या ख्रिश्चन मुलीला मुस्लिम घरात फोस्टर केअरला, म्हणजे दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला ठेवलं, तिच्या गळ्यातला क्रॉस काढून घेतला वगैरे. देशभर गदारोळ. दोन दिवसांनी कोर्टाने आपली ऑर्डर सगळ्यांना वाचायला खुली केली तर त्यात काय निघालं, मुलीचं हित बघायला कोर्टाने नेमलेल्या गार्डियनच्या मते मुलगी तिथे नीट आहे, तिची काळजी चांगली घेतली जातेय, आणि कागदपत्रांनुसार तिचे आजी-आजोबाच मुस्लिम पार्श्वभूमीचे, फक्त धर्म पाळणारे नाहीत (आईचं म्हणणं वेगळं होतं, तेही ऑर्डरमधे लिहिलंय). पुढे २०१८ मधे प्रेसवर नजर ठेवणाऱ्या इप्सो संस्थेने काउन्सिलची तक्रार मान्य केली, कोर्टाने काय ठरवलं ते पेपरने चुकीचं मांडलं म्हणून. विचार करा, ती ऑर्डर बंद फाइलीतच राहिली असती तर? लोकांनी पहिलं पानच खरं धरलं असतं.

आणि उलटी बाजूही आहे, दारं बंद ठेवली की अफवा वाढतात. पत्रकारांना २००९ पासून फॅमिली कोर्टात बसता यायचं पण ऐकलेलं छापता यायचं नाही, १९६० च्या कायद्यामुळे. मग फॅमिली कोर्टांचे तेव्हाचे प्रमुख जज सर अँड्र्यू मॅकफार्लेन यांनी २०२१ मधे अहवाल दिला, ३० जानेवारी २०२३ ला लीड्स, कार्डिफ आणि कार्लाइलला पत्रकारांना छापू देण्याचा प्रयोग, पायलट, सुरू झाला (आमचं गाव पहिल्या तिघात, मला खरंच अभिमान वाटला), आणि २७ जानेवारी २०२५ पासून इंग्लंड-वेल्समधे सगळीकडे. आता जज ट्रान्सपरन्सी ऑर्डर देतात, त्यात काय छापायचं काय नाही ते लिहिलेलं असतं, आणि आईवडील त्या मर्यादेत पत्रकाराशी बोलूही शकतात. माझी एक मैत्रीण सध्या यातून जातेय, तिच्या केसबद्दल इथे एक शब्दही लिहिणार नाही.

आता साइटच्या उणिवा. पहिली मोठी, सगळी जजमेंट्स येतच नाहीत. खालच्या पातळीवर रोज ज्या केसेस चालतात, मॅजिस्ट्रेट्सपुढे वगैरे, त्यातल्या बहुतेकांचं काहीच इथे सापडणार नाही. मॅकफार्लेन यांच्या अहवालात जजेसनी वर्षाला निदान १० टक्के जजमेंट्स नावं काढून प्रसिद्ध करावीत असं म्हटलं होतं, म्हणजे तेवढंही होत नव्हतं. त्यामुळे एखादी बातमी इथे सापडली नाही म्हणजे ती खोटीच असा अर्थ काढू नका, ही चूक मी सुरुवातीला केली. दुसरं, भाषा. मोबाइलवर साठ पानं वाचणं सोपं नाहीये, साध्या भाषेतला सारांश असता तर त्या मुलीसारख्यांना किती उपयोग झाला असता. पीडीएफ उतरवून घ्या, बरं पडतं.

पुण्याहून मावशी नट-नट्यांच्या घटस्फोटाच्या क्लिप्स पाठवते, 'सूत्रांकडून' आलेल्या. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ सांगतं की या कायद्याखालच्या केसेस इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालवायच्या आणि त्यातलं काही छापायचं नाही, अपवाद फक्त हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाच्या जजमेंटचा, तोही कोर्टाची आधी परवानगी घेऊन. आणि मोडला तर दंड किती, एक हजार रुपयांपर्यंत! १९५५ चा कायदा आहे. एका क्लिपच्या जाहिरातीत चॅनल यापेक्षा जास्त कमवत असेल.

मी पाचपैकी चार देते, एक कापला तो न सापडणाऱ्या जजमेंट्ससाठी. वापरताना एक सवय लावा, बातमी आली की तिच्यात जजमेंटचा नंबर शोधा, साल चौकटी कंसात, मग ईडब्ल्यूएफसी (इंग्लंड-वेल्स फॅमिली कोर्टाची खूण, EWFC) आणि आकडा. पुढे कंसात बी असेल तर हायकोर्टापेक्षा खालच्या जजने दिलंय. तो नंबर सर्चमधे टाकला आणि साइटवर असलं की ते जजमेंट सापडतं. त्या मुलीला मी हेच शिकवलं, आता मंडळाच्या ग्रुपवर असला फॉरवर्ड पडला की पहिला मेसेज तिचाच असतो, नंबर द्या.