धागा आमच्या गालिच्याचा नव्हताच

फोंड्यात कुणी दारात येऊन "जुना गालिचा घरच्या घरी नवा करा" म्हणाला, तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. माझे 5,250 रुपये गेले. रंगाच्या किटचे 2,400, रंग धरेना म्हणून फिक्सरचे 1,150 आणि "दुसरा हात द्यावा लागेल" म्हणून आणखी 1,700. वर 7,800 चा गालिचाही वाया गेला.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दहा दिवसांवर, पाहुणे येणार, हॉलमधला उन्हाने विटलेला गालिचा डोळ्यांत खुपत होता. मी अडाणी नाही, 26 वर्षं शाळेत शिकवलंय. पण माणूस आपल्यासारखं बोलतो, गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात त्या माटोळीची चौकशी करतो, तर संशय कसा येणार?

यायला हवा होता. त्याने वाटीत रंग कालवला, व्हिनेगर घातलं, धागा बुडवून गॅसवर उकळला, नळाखाली चोळून धुतला. मरून रंग जराही सुटला नाही. पण तो धागा त्याने स्वतःच्या पिशवीतून काढला होता, माझ्या डोळ्यांदेखत! लोकरीचा असणार, लोकर ॲसिड डाय, म्हणजे व्हिनेगरसारख्या आंबटात उकळून बसणारा रंग, पकडतेच. आमचा गालिचा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्याचा. त्यावर पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा राहतो, हे मी रोज पुसताना बघत होते. त्याचा रंग तंतू बनतानाच आत घातलेला असतो, नंतर वरून बसत नाही. सुती गालिच्याला आणखी वेगळा रंग लागतो, तोही धुण्याच्या सोड्याबरोबर. सगळ्यांना एकच रंग चालतो म्हणणारा खोटारडाच. आधी कडेचा एक धागा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिक.

पोलिसांकडे तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब नाहीत. दुसऱ्यांदा "बिल कुठंय?" असल्या माणसाने बिल दिलं असतं का? तिसऱ्यांदा एकजण हसून म्हणाला, "बाई, पैसे तुम्हीच दिलेत ना? चवथीचा बंदोबस्त बघू की तुमचा गालिचा?" अर्ज ठेवून घेतला, पोच नाही. इथे फरशीवर आणि नातवाच्या तळपायांवर मरून डाग, आणि ह्यांना हसू येतं! पोच मागूनच उठा. पैसे यूपीआयने गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा; मी त्या रंगवाल्याच्या "उद्या येतो"वर चार दिवस घालवले.

काल डिचोलीहून जावेचा फोन आला, शेजारणीकडे रंगवाला बसलाय म्हणून. "धागा कुठून काढतो ते बघ," एवढंच सांगितलं आणि फोन चालू ठेवूनच तिला तिकडे धाडली.