रक्ताच्या कर्करोगाचं मूळ: सूक्ष्मदर्शक की जनुकवाचन?

१९६० साली फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांना सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी उलगडा केला: ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली होती. अशी मोठी मोडतोड सूक्ष्मदर्शक दाखवतो; डीएनएतल्या एका अक्षराची चूक मात्र तो दाखवत नाही.

२००८ मध्ये सेंट लुइसला एएमएल हा दुसरा रक्ताचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. तिची गुणसूत्रं दिसायला अगदी ठीक होती! कर्कपेशी तिच्याच निरोगी त्वचेशी ताडल्यावर १० जनुकांत बदल सापडले. त्यातलं कारण कोणतं, हे मात्र नुसत्या वाचनाने कळत नाही. उलट सीएमएलमधली ती जुनी अदलाबदल संशोधकांना बीसीआर-एबीएल या तिच्यातून जुळलेल्या जनुकाकडे आणि पुढे इमॅटिनिब या औषधापर्यंत घेऊन गेली. म्हणून मला आजही गुणसूत्रतपासणी आधी हवी वाटते.