चित्रकथांचे कपाट आणि अकरा वर्षांची वाचक

अकरा वर्षांच्या भाचीसाठी चित्रकथा घ्यायला साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूच्या एका पुस्तकांच्या दुकानात गेलो होतो. माल भरपूर आहे. १९६७ पासून निघत असलेल्या ‘अमर चित्र कथा’ आणि मांगा (जपानी चित्रकथा) एकाच कपाटात लावलेले आहेत, आणि अडचण तिथेच आहे, कारण चित्रे आहेत म्हणजे मुलांचेच पुस्तक, असा दुकानाचा समज दिसतो. भाचीने हौसेने उचललेल्या मांगाच्या मलपृष्ठावर प्रकाशकाने ‘टी प्लस’, म्हणजे मोठ्या किशोरवयीनांसाठी, अशी खूण छापली होती. दुकानाने किमतीची चिठ्ठी नेमकी तिच्यावरच डकवली होती. ती नखाने सोलून पाहिली आणि पुस्तक परत ठेवले. (मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, त्यामुळे नवख्या पालकाला वरवर चाळून फारसे उमगत नाही.) त्याऐवजी शाळेतली मैत्री आणि रुसवेफुगवे रंगवणारी एक चित्रकादंबरी घेतली, तिच्यात आजोबांच्या मृत्यूची चार जवळजवळ निःशब्द पाने आहेत, ती मी आधी उभ्याउभ्या वाचली आणि भाचीला झेपतील असे वाटले. इतका वेळ वाचत राहिलो तरी कोणी हटकले नाही, हे मोठेच सुख. मराठी चित्रकथा मात्र सर्वांत खालच्या फळीवर, वाकून शोधाव्या लागतात.