ठाणे स्टेशन, वाशी की पनवेल: एक-दोन रात्रींसाठी स्वस्त खोली कुठे घ्यावी?

दोघांसाठी एक रात्र, स्टेशनजवळ, स्वच्छ बाथरूम, चालू एसी आणि भाडं दीड ते अडीच हजारांच्या आत. एवढीच अपेक्षा घेऊन मुंबईच्या बाहेर खोली शोधणाऱ्यांसमोर तीन पर्याय असतात: ठाणे स्टेशनचा पश्चिम भाग, वाशी आणि पनवेल. ॲपवर तिन्हीकडचे फोटो सारखेच दिसतात आणि भाड्यात फरक असतो तो दोन-चारशे रुपयांचा. त्या फरकाकडे बघून ठरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्या लाइनवर आणि किती वाजता निघायचंय, ते आधी कागदावर लिहा. खोली त्यावरून निवडायची. तीनशे रुपये वाचवून पहाटे रिक्षाच्या मागे धावणारे प्रवासी ठाण्यात रोज दिसतात.

ठाणे पश्चिम: गजबज, पण सगळं हाताशी

रात्री उशिरा पोचणार आणि पहाटे निघणार असाल, तर ठाण्याला तोड नाही. मेन लाइनच्या लोकल मध्यरात्रीनंतरही काही वेळ चालू असतात, लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या इथे थांबतात आणि स्टेशनबाहेर रात्री अकरालाही जेवण मिळतं. सकाळच्या नाश्त्याला मामलेदार कचेरीजवळची मिसळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण तिखट सोसत नसेल तर ऑर्डर देतानाच कमी तिखट सांगा.

पश्चिमेला फलाट क्रमांक 1 आहे. मेल-एक्सप्रेस मधल्या फलाटांवर, बहुतेक 5 ते 8 वर येतात, आणि ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलचे 9 व 10 हे फलाट पार पूर्वेच्या टोकाला आहेत. म्हणजे पश्चिमेला खोली घेऊन सकाळी ऐरोली-घणसोलीकडे जायचं, तर पूल ओलांडून पूर्ण स्टेशन पार करावं लागतं. सकाळी आठ ते दहाच्या गर्दीत बॅग घेऊन याला सहज दहा मिनिटं लागतात. ज्यांचं सगळं काम ट्रान्स-हार्बर मार्गावर आहे, त्यांनी कोपरीत, म्हणजे पूर्वेला, खोली मिळते का ते आधी बघावं. तिथे हॉटेलं कमी आहेत, पण रस्ता शांत आणि फलाट जवळ.

पश्चिमेतही जागेजागेत फरक आहे. स्टेशनच्या अगदी तोंडावर, बस ज्यावरून सुटतात त्या सॅटिस पुलाच्या आजूबाजूला खोली घेतली तर बसचे हॉर्न आणि स्टेशनवरच्या उद्घोषणा रात्री उशिरापर्यंत आणि पुन्हा पहाटेपासून ऐकू येतात. जांभळी नाक्याकडे बाजारपेठ आहे, त्यामुळे माल उतरवण्याचा आवाज भल्या पहाटे सुरू होतो. आमची शिफारस आहे गोखले रोड, राम मारुती रोड किंवा तलावपाळीच्या बाजूची. आठ-दहा मिनिटं चालावं लागतं, पण झोप लागते. वयस्कर माणसं बरोबर असतील आणि गाडी पहाटेची असेल तरच स्टेशनला चिकटून राहा. तेव्हाही रस्त्याकडची नको, मागच्या बाजूची खोली मागा.

पावसाळ्यात वंदना टॉकीजचा परिसर पाण्याखाली जातो हे ठाणेकरांना पाठ असतं, बाहेरून येणाऱ्याला ॲप सांगत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्या बाजूला तळमजल्याची खोली घेऊ नका. पुण्याला एसटीने जाणारे वंदना किंवा खोपट स्टँडच्या जवळ खोली शोधतात. ते बरोबरच आहे, फक्त पावसाच्या दिवसांत रिक्षा वेळेवर मिळेल असं गृहीत धरू नका.

ठाण्यात या बजेटमधल्या इमारती जुन्या असतात. अरुंद जिना, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, हे नेहमीचं. बिनखिडकीच्या खोल्याही बऱ्याच. एसी चालू असेपर्यंत चालतं, पण पावसाळ्यात अशा खोलीत भिंतीला ओल धरते, गादीला वास येतो आणि धुतलेला टॉवेल सकाळपर्यंत वाळत नाही. फोनवर दोनच गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि खिडकी बाहेर उघडते की पॅसेजमध्ये?

वाशी: खोली चांगली, चालणं जास्त

तेवढ्याच पैशात वाशीत खोली थोडी मोठी आणि इमारत थोडी नवी मिळायची शक्यता जास्त. रस्ते रुंद, स्टेशनाचं आवार मोकळं आणि फलाटांवर ठाण्याएवढी रेटारेटी नाही. हार्बर लाइनच्या लोकलने सीएसएमटीला सुमारे 50 मिनिटं, ट्रान्स-हार्बरने ठाण्याला अर्धा तास. मुलं बरोबर असतील आणि दोन-तीन दिवस राहायचं असेल, तर आम्ही वाशीच सुचवू.

गोची होते ती पत्त्यात. 'वाशी स्टेशनजवळ' असं लिहिलेलं हॉटेल सेक्टर 17 मध्ये असू शकतं, एपीएमसी या घाऊक मार्केटला लागून तुर्भ्यात असू शकतं किंवा थेट कोपरखैरण्याच्या हद्दीत. ॲपवरचं अंतर बऱ्याचदा सरळ रेषेत मोजलेलं असतं आणि स्टेशन व जुन्या वाशीच्या मधून सायन-पनवेल महामार्ग जातो. त्यामुळे कागदावरचे 900 मीटर प्रत्यक्षात बॅग ओढत वीस मिनिटांचे होतात. पत्त्यातला सेक्टर क्रमांक बघा आणि नकाशावर चालण्याचा मार्ग लावूनच बुकिंग करा. एपीएमसीकडच्या लॉजमध्ये व्यापारी आणि ट्रकवाले उतरतात. भाडं कमी असतं, पण रात्रभर गाड्यांची ये-जा असते. मार्केटमध्येच काम असेल तर सोयीचं, नाहीतर टाळावं.

दुसरी गोष्ट तारखेची. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सामना किंवा मोठा कार्यक्रम असला की वाशीपासून बेलापूरपर्यंतचे दर उसळतात. जानेवारी 2025 मध्ये तिथे कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा साध्या खोल्यांचे दरही कुठल्या कुठे गेले होते. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात मोठं प्रदर्शन असलं तरी तसंच. बुकिंगच्या आधी त्या आठवड्यात स्टेडियममध्ये काय आहे ते बघून घ्या. काही असेल तर ठाण्याला राहून ट्रान्स-हार्बरने ये-जा करणं स्वस्त पडतं. ट्रान्स-हार्बरची सेवा मात्र मेन लाइनपेक्षा लवकर आटपते आणि रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असला तर दिवसाचे काही तास बंदही असते. रात्रीचा कार्यक्रम असेल तर शेवटच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवा.

पनवेल: कोकण आणि विमानतळ यांच्यासाठी

पनवेल निवडायला कारण ठोस हवं, आणि अशी दोन कारणं आहेत. पहिलं कोकण रेल्वे. पहाटे पाच-सव्वापाचच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी जनशताब्दी किंवा वंदे भारत ठाण्याला सहाच्या आसपास येते, पनवेलला त्यानंतर साधारण अर्ध्या तासाने. तेवढीच झोप जास्त मिळते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा मागच्या वेळच्या आठवणीवर जाऊ नका. तिकीट सीएसएमटी किंवा दादरहून काढलेलं असेल आणि चढणार पनवेलला, तर बोर्डिंग स्टेशन ऑनलाइन बदलून घ्या. ते न बदलल्यास तुम्ही गाडीत चढला नाहीत असं समजून तिकीट तपासनीस तुमची जागा दुसऱ्याला देऊ शकतो.

दुसरं कारण नवी मुंबई विमानतळ. तिथून प्रवासी विमानं 25 डिसेंबर 2025 पासून उडू लागली. सकाळचं विमान पकडायचं असेल तर ठाण्याला राहण्यात अर्थ नाही. पनवेल, बेलापूर किंवा उलवे हेच जवळचे.

खोली घेताना जुनं पनवेल आणि नवीन पनवेल हा फरक लक्षात ठेवा. पश्चिमेला जुनं गाव, बाजार आणि एसटी स्टँड, पूर्वेला सिडकोचे सेक्टर. नवीन पनवेल जास्त शांत. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन एकाच ठिकाणी नाहीत, सामान असेल तर मध्ये रिक्षा लागतेच. रिक्षावाले मीटरऐवजी तोंडी भाडं सांगतात, म्हणून बसण्याआधी ठरवून घ्या. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत मीटरच्या भाड्यावर पाव पट जादा आकार अधिकृतपणे लागतो, तेव्हा तो मागितला तर वाद घालू नका.

गणपतीच्या आठवड्यात आरक्षण नसलेल्यांनी पनवेलला राहू नये. गाडी भरूनच येते आणि दारातही उभं राहायला मिळत नाही. त्यापेक्षा ठाण्याला राहून दिव्याला जावं. दिवा ठाण्यापासून तिसरं स्टेशन आहे आणि सावंतवाडीची गाडी तिथूनच सकाळी सुटते.

काम नवी मुंबईत कुठे आहे, यावर बरंच बदलतं

परीक्षेच्या प्रवेशपत्रावर 'नवी मुंबई' लिहिलं म्हणून वाशीत खोली घेणारे विद्यार्थी फसतात. केंद्र ऐरोली किंवा महापेला असेल तर ठाणे जवळ पडतं. ऐरोलीला तर ठाण्याहून दहाएक मिनिटांत पोचता येतं. कोकण भवन किंवा बेलापूरच्या इतर कार्यालयांत काम असेल तर बेलापूर, नाहीतर नेरूळ. खारघरला टाटा रुग्णालयाच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात उपचारांसाठी येणाऱ्यांनी खारघर स्टेशनजवळ राहायचा आग्रह धरू नये, कारण केंद्र स्टेशनपासून बरंच आत, सेक्टर 22 मध्ये आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर 2023 पासून खारघरमधून जाते, तिच्या कडेची खोली रोजच्या ये-जेला बरी पडते.

भाड्याचा हिशेब

22 सप्टेंबर 2025 पासून रोजच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे, आधी तो 12 टक्के होता. म्हणजे 1,800 च्या खोलीचे 1,890 व्हायला हवेत. काउंटरवर जुन्या दराने कर लावला तर बिलावर लिहून मागा.

कराहून मोठा फटका चेक-आउटच्या पद्धतीमुळे बसतो. काही लॉज '24 तास' देतात, काहींची वेळ दुपारी 12 ठरलेली. तुमची गाडी पहाटे पाचला पोचत असेल तर 12 वाल्याकडे एक तर सात तास थांबावं लागतं किंवा अर्ध्या दिवसाचे जादा पैसे भरावे लागतात. 24 तासवाल्याकडे पाचला शिरा आणि दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत खोली तुमची. उलट रात्री दहाला येऊन सकाळी सातला जाणाऱ्याला दोन्हीत फरक पडत नाही, त्याने फक्त दर बघावा. 24 तासवाले लॉज स्टेशनजवळच्या जुन्या वस्तीत जास्त मिळतात, म्हणून पहाटे पोचणाऱ्यांना ठाणे सोयीचं ठरतं.

पैसे देण्याआधी खोलीत

खोली न बघता पैसे देऊ नका. गादीचा कोपरा उचलून शिवण बघा, बारीक काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत आणि चादर बदलून ते जात नाहीत, खोलीच बदलून घ्या. गीझर तीन लिटरचा इन्स्टंट असेल तर धार बारीक येते आणि बादली भरायला वेळ लागतो. पंधरा लिटरचा असेल तर दोघांची अंघोळ होते. काही ठिकाणी गरम पाणी फक्त सकाळी ठरावीक वेळेतच येतं, पहाटेची गाडी असेल तर विचारून ठेवा. दाराची आतली कडी नीट बसते का ते लावून बघा.

खालच्या मजल्यावर परमिट रूम किंवा ऑर्केस्ट्रा बार आहे का हेही विचारा. ठाणे आणि नवी मुंबईत 'लॉजिंग-बोर्डिंग'च्या खाली बार असणं अगदी सामान्य आहे आणि तो रात्री दीडपर्यंत चालू असू शकतो. कुटुंबासाठी अशी जागा नको.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं लागतं. आधार देताना फक्त शेवटचे चार अंक दिसणारी मास्क केलेली प्रत द्या. बरीच लॉज ठाणे-मुंबईचा पत्ता असलेल्यांना किंवा अविवाहित जोडप्यांना नकार देतात. सज्ञान व्यक्तींना खोली देण्यावर कायद्याची बंदी नाही, पण रात्री काउंटरवर हा मुद्दा मांडून झोपायला जागा मिळत नाही. ॲपवर बुकिंग झाल्यावर थेट हॉटेलला फोन करून नाव, तारीख, पोचण्याची वेळ आणि ओळखपत्रावरचा पत्ता सांगा. 'आमच्याकडे असं बुकिंग आलेलंच नाही' हे उत्तर येणार असेल तर ते दुपारीच येऊ द्या.

तरीही ऐन वेळी नकार मिळाला, तर ठाणे पश्चिमेला पाच-दहा मिनिटांत चालत दुसरं लॉज सापडतं. वाशीत त्यासाठी रिक्षा करावी लागते. पनवेलला रात्री अकरानंतर पर्याय झपाट्याने कमी होतात, म्हणून तिथे उशिरा उतरणाऱ्यांनी खोलीचं पक्कं झाल्याशिवाय गाडीत बसू नये.