श्रीवर्धनच्या वाड्याचे 38,400 रुपये आणि वर 41 पैसे

नावं देत नाही, कारण फसवणाऱ्यांनी दिलेली सगळी नावं खोटीच निघाली. रक्कम मात्र खरी आहे. 38,400 रुपये 41 पैसे. पंधरा ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत कोकणात जायचं होतं. पैसे गेले, आम्ही पुण्यातच.

चोरलेले फोटो, खोटं होमस्टे, ॲडव्हान्स, मग फोन बंद. हा प्रकार तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होता. मी नोकरीत रोज दुसऱ्यांची बिलं तपासते. अनोळखी लिंकवर बोट ठेवत नाही, ओटीपी सख्ख्या भावाला सांगत नाही. तेव्हा "एवढं कसं कळलं नाही?" हा प्रश्न कृपया मला विचारू नका. नणंदेने विचारून झाला आहे.

बेत असा होता. शुक्रवारी सकाळी निघून ताम्हिणीतून खाली उतरायचं, धबधबे बघत माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन. बाळाजी विश्वनाथांचं गाव, तिथे समुद्रासमोर जुना वाडा, दोन रात्री. शनिवारी सासूबाईंसाठी हरिहरेश्वर, मग दिवेआगर, दिघीहून फेरीबोटीने गाडीसकट आगरदांडा आणि जंजिरा. रविवारी रोपवेने रायगड आणि महाडवरून वरंध घाटाने भोरमार्गे घरी. समुद्र आणि सह्याद्री एकाच फेरीत. आम्ही आठ जण, माणशी 4,800, राहणं-जेवण-गाडी सगळं धरून. फार स्वस्त असतं तर संशय आला असता. भाव अगदी बाजारात चालतो तेवढाच होता.

वाडा मला नकाशावरच सापडला. जांभ्याची भिंत, झोपाळा, मागे नारळी-पोफळीची वाडी. खाली भरपूर अभिप्राय. (आता वाचते तेव्हा दिसतं, सगळे एकाच महिन्यातले आहेत आणि जेवणात नेमकं काय होतं हे एकाही माणसाने लिहिलेलं नाही. कोकणात राहून आलेला माणूस माशांबद्दल किंवा मोदकांबद्दल अवाक्षर लिहीत नाही?) मी वाड्याच्या 'मालका'कडे जीएसटी नंबर मागितला. त्याने लगेच पाठवला. पोर्टलवर टाकला तर चालू होता. चालू असणारच, दुसऱ्या कुणाचा तरी उचललेला होता. नंबर चालू आहे एवढंच बघू नका. तो कोणाच्या नावावर आहे ते बघा, आणि ज्या खात्यात पैसे जाणार आहेत त्या नावाशी ताडून घ्या.

फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. मला ताई, सासूबाईंना आई. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांतून जाते आणि ओहोटीलाच करता येते, हे त्याने आपणहून सांगितलं. "आईंना पायऱ्या जमतील ना? समुद्र खवळलेला असला तर मी तुम्हाला जाऊच देणार नाही," असंही म्हणाला. इतकी काळजी करणारा माणूस लुच्चा असेल असं कोणाला वाटेल?

आणि इथेच ते घडलं, ज्यावरून मी अजून रात्री उठून बसते. मी विचारलं, "ऑगस्टमध्ये जंजिरा उघडा असतो का हो?" विचारलं, म्हणजे डोक्यात होतं. पावसाळ्यात किल्ला पर्यटकांसाठी बंद असतो, राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटत नाहीत, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "ताई, आपली स्वतःची बोट आहे. पद्मदुर्गही दाखवतो." भर पावसाळ्यात! सिद्दीचा जो किल्ला महाराजांच्या आरमाराला हाती लागला नाही, तो हा मला पंधरा ऑगस्टच्या लाटांत घरच्या बोटीने दाखवणार होता. वरंध घाटाचंही तेच. दरडींमुळे तो पावसात कितीदा बंद ठेवतात, हे त्या भागात गाडी फिरवणाऱ्याला आधी आठवतं. हा म्हणाला, "एकदम क्लिअर आहे." कोकणातला खरा माणूस पावसाळ्यात आधी चार गोष्टींना नाही म्हणतो. होडी नाही, पोहायला उतरायचं नाही, लाइटचा भरवसा नाही. ज्याला प्रत्येक गोष्ट जमते, त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. पण शेजारी मुलं नाचत होती, सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं होतं आणि ऑफिसचा दुसरा फोन वाजत होता. मी "बरं" म्हटलं.

ॲडव्हान्स 25 टक्के, म्हणजे 9,600. यूपीआयने पाठवले. दोन मिनिटांत फोन. "ताई, इनव्हॉइस 9,600.41 चा आहे. तुम्ही 41 पैसे टाकले नाहीत, त्यामुळे एंट्री अडकली. बरोबर आकडा टाकून परत पाठवा, आधीचे आपोआप परत येतील." पाठवले. मग म्हणे दोन्ही एंट्र्या अडकल्या. आता 19,200 ची व्हेरिफिकेशन एंट्री टाकली की सगळं मिळून पाच मिनिटांत परत. हे तिसरं पेमेंट आमच्या ह्यांनी त्यांच्या खात्यातून केलं, हे मी मुद्दाम नमूद करते, कारण घरात आता सगळं माझ्याच नावावर खपतंय.

हिशेब अडकत नाही, पैसे अडकतात, आणि अडकलेले सोडवायला माणूस आणखी टाकतो. त्यांचा धंदा यावरच चालतो. कोणत्याही हॉटेलला पैशांतला आकडा जुळवायला दुसऱ्यांदा पूर्ण रक्कम लागत नाही. परतावा येण्यासाठी तुम्हाला पिन टाकावा लागत नाही. आणि पिन टाकायच्या आधी, रकमेच्या वर, ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं बँकेतलं नाव येतं, ते वाचा. माझ्या स्क्रीनवर कुठल्याशा मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं नाव होतं. मी विचारलंही. तो म्हणाला, "भावाचं खातं आहे, आपलं रिन्यू होतंय."

रात्री त्याने फोन उचलणं बंद केलं. सकाळी व्हॉट्सॲपवरचा फोटोही गायब. तेव्हा मी त्या वाड्याचे फोटो इंटरनेटवर टाकून ते मूळ कुठले आहेत हे शोधून पाहिलं, तर ते पार मालवणकडच्या एका घराचे निघाले. तिथल्या काकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, तुम्ही पहिल्या नाही.

आता पुढची कथा. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोचपावतीचा नंबर मिळाला. फसलात तर सगळ्यात आधी हेच करा, नवऱ्याला सांगायच्याही आधी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात. आमचे 1,140 रुपये गोठले. बाकीचे तोवर काढून झाले होते. आणि ते 1,140 सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, असं सांगण्यात आलं. कोर्टाच्या आवारात एकदा रिक्षाने जाऊन आलं की किती उरतील ते तुम्हीच मोजा.

बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार अधिकृत झाला." रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक मी वाचून गेले होते. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, वगैरे. पण ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, आणि फसवून टाकायला लावलेला पिन बँकेच्या लेखी संमतीच. ज्या खात्यात दिवसभर आठ-दहा कुटुंबांचे 9,600.41 सारखे आकडे येऊन तासाभरात एटीएमने निघतात, त्या खात्याला केवायसी कोणी दिलं, हे मी विचारलं. उत्तर आलं, "ती दुसरी बँक आहे, तिथे विचारा." दुसऱ्या बँकेत माझं खातं नाही, म्हणून त्या माझ्याशी बोलणार नाहीत. तिसरं पेमेंट ह्यांच्या खात्यातलं, म्हणून तिसरी बँक, वेगळा अर्ज, ह्यांनी स्वतः यायचं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि 30 दिवस वाट. तेही करून ठेवलंय.

पोलीस ठाण्यात तर कमालच. "वाडा श्रीवर्धनला ना? मग तिकडे द्या." अहो, वाडा नाहीच आहे, हीच तर तक्रार आहे! हद्द कोणतीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय, हे मी सांगितलं. साहेबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही वकील आहात का?" मग साधा अर्ज लिहून घेतला. पोच मागितली तर शिक्का दुसऱ्या टेबलावर, त्या टेबलाचे साहेब बंदोबस्ताला. वर एक उपदेश: "मॅडम, सुशिक्षित लोकच जास्त फसतात." हे ऐकायला मी सुट्टी टाकून गेले होते. पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी बसून राहिले, तेव्हा कुठे शिक्का उमटला.

तुम्ही जाणार असाल तर त्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या दुकानदाराला, देवळाच्या गुरवाला, कुणालाही फोन करून विचारा, "अमुक वाडा आहे का?" छोट्या गावात हे दोन मिनिटांत कळतं. मालकाला व्हिडिओ कॉलवर गेटपासून समुद्रापर्यंत चालायला सांगा. फोन नंबर नकाशावरचा घेऊ नका, तो कोणीही बदलून घेतं. संशयास्पद नंबर 'संचार साथी' या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू'वर कळवता येतो, पण पैसे गेलेले असतील तर तो मार्ग नाही, तेव्हा 1930 च.

नकाशावरचं ते वाड्याचं पान मी खोटं म्हणून कळवलं, ह्यांनी कळवलं, नणंदेच्या मुलांनीही कळवलं. परवा पुन्हा उघडून पाहिलं. फोटो तेच, झोपाळा तोच, फक्त फोन नंबर नवा आणि वर दिवाळीची ऑफर. खाली आणखी तीन नवे अभिप्राय आलेत, तिन्ही पाच-पाच ताऱ्यांचे.