पंचेचाळिशीनंतर एकलहऱ्यात: फिल्ड की कंट्रोल रूम?
नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे संच आहेत. अशा ठिकाणी उशिरा वयात नोकरीला शिरायचं तर पगाराआधी गुडघे तपासा. फिल्ड ऑपरेटरला, म्हणजे यंत्रांपाशी फिरून काम करणाऱ्याला, बॉयलरचे जाळीदार लोखंडी जिने पुन्हापुन्हा चढावे लागतात. पायाखालून थेट तळमजला दिसतो. चक्कर येणाऱ्याने नादच सोडावा. वर उष्मा, कोळशाची भुकटी आणि कानात प्लग घालून खुणांनी बोलणं.

कंट्रोल रूममध्ये एसी, खुर्ची, स्क्रीन. पण पहाटे तीनला बॉयलरच्या ड्रममधली (वाफ-पाण्याच्या टाकीतली) पाण्याची पातळी घसरली की डोकं ताजं लागतं. रात्रपाळी दोन्हीकडे आहेच; फिल्डवाला निदान चालता राहतो, खुर्चीतला पेंगतो. शिवाय त्या खुर्चीची वाट बहुधा जिन्यांवरूनच जाते. शुगर असेल तर मी दोन्हीऐवजी दिवसपाळीचं स्टोअरमधलं (सामानाच्या कोठारातलं) काम बघेन.