लाखाचं पेन आणि दादाची वही

दादा मार्चअखेर निवृत्त होतोय. भाचीला यंदा बोनस चांगला मिळाला, तेव्हा तिनं ठरवलं की बाबांना पेन द्यायचं, आणि द्यायचं तर माँब्लांच. किंमत लाखाच्या घरात. मध्यंतरी फोनवर म्हणाली, "आत्या, तू इतकी वर्षं शाईनं लिहितेस. खरं सांग, एवढे पैसे घालण्यासारखं असतं का त्यात?"

फोनवर मला उत्तर देता आलं नाही. मग माझ्याकडची तीन पेनं काढली, एका डॉक्टर स्नेह्यांकडून त्यांचं माँब्लां १४९ पंधरा दिवसांसाठी मागून आणलं, चारही पेनांत एकच निळी शाई भरली आणि रोज प्रत्येकानं एक पान लिहिलं. आणखी कुणी अशाच विचारात असेल तर त्यालाही उपयोग होईल, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

चार पेनं अशी. माँब्लांचं माइस्टरश्टुक १४९, जर्मन, १८ कॅरटची निब, पिस्टननं शाई ओढणारं. लॅमी २०००, तेही जर्मन आणि पिस्टनचं, १४ कॅरटची निब, वीस हजारांच्या आसपास. प्लॅटिनम ३७७६ सेंच्युरी, जपानी, १४ कॅरट, पंधरा-वीस हजारांत मिळणारं. आणि चौथं दक्षिणेतल्या एका कारागिराकडून लेथवर करून घेतलेलं एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं पेन, जर्मन स्टीलची निब बसवलेलं, चार-पाच हजारांचं. किमती दुकानागणिक बदलतात, पण आकड्यांची ही उतरंड साधारण अशीच राहते.

आधी दादा काय लिहितो ते

सगळा हिशोब त्यावरच बसतो. दादाचं अक्षर बारीक आणि दाटीवाटीचं. रोज रात्री दोनशेपानी वहीत पानभर रोजनिशी. मोडीचा वर्ग केल्यापासून जुन्या पत्रांच्या छायाप्रती घेऊन त्यांचं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत लिप्यंतर करत बसतो. इंग्रजीत लिहितो ती फक्त चेकवरची रक्कम.

पेनांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक इंग्रजी लिहिणाऱ्यांचं असतं. त्यांचं जोडअक्षरी वळण असं की शब्द संपेपर्यंत निब कागदावरून फारशी उठत नाही. आपली बाळबोधी तशी नाही. 'विद्यार्थी' लिहून बघा. वेलांटी, उभी रेघ, काना, रफार, पुन्हा वेलांटी, वरून शिरोरेघ. आठ-दहा वेळा तरी हात उचलावा लागतो. मोडीत नेमकी हीच अडचण सोडवलेली आहे. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचं. पेशवे दफ्तरातल्या रुमालांमधले कागद पाहिले की तो वेग डोळ्यांना दिसतो. तेव्हा मराठी लिहिणाऱ्याच्या पेनाची पहिली परीक्षा ही, की हात उचलून पुन्हा टेकवला की शाई तत्क्षणी उतरते का.

ही परीक्षा मी पैसे घालवून शिकले. काही वर्षांपूर्वी एक महागडं परदेशी पेन घेतलं होतं. दुकानात सही करून पाहिली, सुरेख उमटली. घरी येऊन मराठी लिहायला घेतलं तर दर तिसऱ्या-चौथ्या कान्याचा वरचा भाग गायब. निबेचं टोक इतकं गोल आणि गुळगुळीत घासलेलं होतं की मधली चीर कागदाला टेकतच नव्हती. किंचित दाबलं किंवा रेघ जरा लांबली की मग शाई सुरू. सलग इंग्रजी लिहिणाऱ्याला ते कदाचित कधी जाणवलंही नसतं. माझ्या प्रत्येक ओळीत ते दहादा जाणवायचं. शेवटी ते पेन कपाटात गेलं.

दुसरी परीक्षा अक्षरांच्या पोटाची. ष, घ, ध यांची पोटं, द्ध आणि ष्ठ यांची दाटी, रफाराशेजारचा अनुस्वार. निब जाड असली की दादासारख्या बारीक अक्षरात ही सगळी पोटं शाईनं बुजतात. मी रोज तेच शब्द लिहीत होते: षष्ठी, उद्ध्वस्त, कर्तृत्व, द्वंद्व.

पानावर काय दिसलं

१४९ माझ्याकडे आलं ते मीडियम निबेचं. शाई सढळ हातानं सोडणारं. पहिली रेघ कधी चुकली नाही, शिरोरेघ एका दमात ओढताना तर असं सुख की मी उगाच रिकाम्या ओळी ओढत बसले. पण माझ्या नेहमीच्या अक्षरात 'षष्ठी'मधल्या दोन्ही ष चं पोट भरून गेलं. अक्षर दीडपट मोठं केलं तेव्हा पान देखणं दिसायला लागलं. ते अक्षर माझं नव्हतं, दादाचं तर नाहीच. ही निब एफ (बारीक) किंवा ईएफ (अतिबारीक) घेता येते, आणि घ्यायचीच झाली तर ईएफच घ्यावी, कारण युरोपातली एफ जपानी मीडियमच्या जवळ जाते.

लॅमीची एफसुद्धा अशीच ओली लिहिते. शब्द सुटे दिसतात, 'उद्ध्वस्त' जेमतेम वाचता येतो. तिचं टोक कागदाला एका ठरावीक कोनातच टेकवावं लागतं. दोन दिवसांत हाताला सवय होते, पण लिहिताना पेन बोटांत फिरवणाऱ्याला ती होणार नाही.

प्लॅटिनमची एफ मात्र दादासाठीच केल्यासारखी. जपानी निबा मुळात बारीक, जपान्यांनाही त्यांच्या कांजी लिपीतल्या दाट रेघा एवढ्याशा चौकोनात बसवायच्या असतात. 'कर्तृत्व'मधला ऋकार स्वच्छ, अनुस्वार टिंबाएवढाच. निब ताठ आहे आणि कागदावरून जाताना पेन्सिलीसारखी किंचित खर लागते. मला ती खर आवडते, हात घसरत नाही. ज्याला लोण्यावरून फिरल्यासारखं लिहायचं आहे त्याला ती खटकेल.

स्टीलच्या निबेचं एबोनाइट पेन या पानावर प्लॅटिनमच्या खालोखाल आलं. चार-पाच हजारांचं पेन लाखाच्या पेनाच्या पुढे, असं मी म्हणत नाही. या हाताला, या अक्षराला ते जास्त जुळलं, एवढंच म्हणते.

सोन्याचं काय

सोन्याच्या निबेचा दरारा फार. १४ कॅरट म्हणजे ५८.५ टक्के सोनं, १८ कॅरट म्हणजे ७५ टक्के. पण निब केवढीशी असते! बहुतेक निबांत सोनं ग्रॅमभरही भरत नाही. पूर्वी सोनं वापरण्याला कारण होतं: तेव्हाची लोहयुक्त शाई आम्लधर्मी असायची आणि साधं पोलाद खाऊन टाकायची, सोन्याला ती काही करत नसे. आता निबेचं स्टील गंजत नाही आणि रोजच्या शायाही सौम्य असतात. कागदाला टेकतं ते टोक तर सोन्याचं नसतंच. दोन्ही प्रकारच्या निबांवर वेगळ्या कठीण मिश्रधातूचा थेंब बसवलेला असतो. लिहिणं कसं होणार हे त्या थेंबाच्या घासणीवर आणि निबेच्या आकार-जाडीवर ठरतं.

यजमानांना आणि शेजारच्या अभ्यासिकेत जाणाऱ्या मुलाला मी डोळे मिटून चारही पेनांनी लिहायला लावलं. सोन्याच्या निबा कुठल्या ते दोघांनाही ओळखता आलं नाही. सगळ्यात जाड पेन कुठलं ते दोघांनीही हातात घेताक्षणी सांगितलं.

आणि जाडी ही खरंच पैसे मोजण्यासारखी गोष्ट आहे. १४९ चांगलंच गलेलठ्ठ आहे. बोटं मिटून आवळावी लागत नाहीत, त्यामुळे तिसऱ्या पानावरही अंगठ्याचा सांधा शांत होता. दादाचा अंगठा थंडीत दुखतो, म्हणून हे मी मुद्दाम पाहिलं. पण जाड पेन पाच हजारांतही मिळतं, एबोनाइटवाले कारागीर हवी ती जाडी लेथवर काढून देतात. एबोनाइट हाताला कोमटही लागतं, प्लास्टिकसारखं निसरडं नाही. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी १९३० च्या दशकात गांधीजींसाठी स्वदेशी पेन घडवलं, तेव्हापासूनची ही परंपरा आहे आणि ती आजही जिवंत आहे, याचा मला फार आनंद वाटतो. उणं एकच: ही पेनं ड्रॉपरनं भरायची असली तर शाई संपत आली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि एखादा टपोरा थेंब पानावर पडतो. शाई निम्म्यावर आली की भरून टाकायची.

लॅमीच्या घडणीचं सौंदर्य वेगळंच. १९६६ सालची रचना, मॅकरोलॉन नावाच्या मजबूत प्लास्टिकचं काळंभोर अंग, पिस्टनची फिरकी कुठे सुरू होते तो सांधासुद्धा शोधावा लागतो. टोपण अडकवायला बोटांच्या जागी दोन बारीक धातूचे कान आहेत, ते काहींना टोचतात. दुकानात पाच ओळी लिहून पाहिलं की कळतं.

मग लाख कशाचे?

१४९ हे १९५२ पासून जवळपास त्याच रूपात बनतं आहे. निबेवर ४८१० कोरलेलं असतं, माँब्लां शिखराची मीटरमधली उंची. (प्लॅटिनमचं ३७७६ ही फुजीची. दोन देशांना एकच कल्पना सुचावी याची मला गंमत वाटते.) पिस्टनची फिरकी रेशमासारखी फिरते, शाई भरपूर मावते, निबेवरचं काम भिंगातून पाहण्यासारखं आहे. पंधरा दिवसांनी परत करताना मला वाईट वाटलं. तो आनंद खरा होता. पण तो आनंद पेन उघडताना, भरताना, न्याहाळताना होता. लिहायला लागल्यावर पाचव्या ओळीनंतर फक्त अक्षर आणि अंगठा उरत होता, आणि तिथे वीस हजारांच्या पेनापेक्षा अधिक काही मिळत होतं असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

माझ्या अनुभवात लिहिण्याची किंमत वीस-पंचवीस हजारांशी संपते. पाच हजारांपर्यंत प्रत्येक हजाराला फरक कळतो, तिथून वीसपर्यंत कळतो पण कमी. पुढचे पैसे वस्तूचे आहेत, नावाचे आहेत, वडिलांनी मुलीला पुढे द्यायच्या ठेव्याचे आहेत. त्यासाठी खर्च करायला माझी ना नाही. ज्यांचं लिहिणं मुख्यतः सह्यांचं, ज्यांचं अक्षर मोठं, पेन खिशात मिरवायला ज्यांना मनापासून आवडतं, त्यांना १४९ शोभेल आणि ते त्याचा उपभोगही घेतील. "वीस वर्षांत भागलं तर दिवसाला चौदा रुपये" हा भागाकार मात्र करू नये. पाच हजारांचं पेनही वीस वर्षं चालतं.

आणि दादाला मी ओळखते. लाखाची वस्तू तो वहीशेजारी ठेवणार नाही. शेल्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवेल आणि रोजनिशी पुन्हा जुन्याच पेनानं लिहील. रेझिनचं अंग फरशीवर पडलं तर तडकू शकतं, हे कळल्यावर तर नक्कीच.

पुण्याची हवा आणि कागद

मे महिन्यात इथली कोरडी हवा निबेवरची शाई वाळवते. चार दिवस पेन उघडलं नाही की पाण्यात बुडवावं लागतं. प्लॅटिनमच्या टोपणात स्प्रिंगवरचं आतलं झाकण आहे, २०११ पासूनच्या सेंच्युरीत ते येतं, आणि माझं पेन महिनाभरानंतरही पहिल्या रेघेला लिहितं. पावसाळ्यात उलटं. कागद दमट होतो, शाई फुटते, पाठीमागे उतरते. तेव्हा लॅमीसारख्या ओल्या निबेचं पान पाठकोरंच ठेवावं लागतं, बारीक जपानी निबेनं दोन्ही बाजू लिहिता येतात. कागदाला मिळालेले हजार रुपये निबेला मिळालेल्या दहा हजारांइतके दिसतात.

विकत घेताना

दुकानात गेल्यावर निब शाईत बुडवून आपल्या कागदावर मराठी लिहायला मागा. सही करू नका. सही कुठल्याही पेनानं चांगली येते. अप्पा बळवंत चौकातले जुने दुकानदार हे समजून घेतात, मॉलमध्ये जरा आग्रह करावा लागतो. माँब्लां अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. त्याच्या नकला उदंड आहेत. खऱ्या पेनाच्या क्लिपच्या कड्यावर क्रमांक कोरलेला असतो, तो पावतीवर लिहून घ्या. जुन्या बाजारात कधी जुनं पार्कर ५१ हाती लागतं, पण निवृत्तीच्या भेटीसाठी तो जुगार नको.

भाचीला मी प्लॅटिनम ३७७६, एफ निब असं सांगितलं आहे. सोबत त्याचा कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढणारी नळी) वेगळा मागून घ्यायचा, कारण दुसऱ्या कंपनीचा त्यात बसत नाही, आणि चांगल्या जाड कागदाच्या सहा वह्या बांधून घ्यायच्या. अंगठा फारच दुखत असेल तर त्याऐवजी जाड एबोनाइट.

तिचं मन अजून १४९ वर आहे. "एकदा हातात तरी घेऊन बघते ना," म्हणाली. शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. दादाची भरलेली एक जुनी वही तिनं हळूच काढून पिशवीत टाकली आहे. तिथेही ईएफच मागायची, वहीतली एक ओळ तेवढ्याच आकारात उतरवायची, आणि 'उद्ध्वस्त' वाचता येतो का ते पाहायचं.